जंतू म्हणजे फक्त रोग नाही

एका लेखात म्हटलंय की मातीतल्या आणि समुद्रातल्या जंतूंपासून सूज आणि हाडांच्या आजारांवर औषधं मिळू शकतील, त्याखाली प्रतिक्रियांमध्ये बऱ्याच जणांनी लिहिलंय की जंतूंपासून औषध कसलं. अहो पण हे आधीच झालंय की! सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती शमवणारं औषध एका बुरशीतून आलं आणि ते संधिवातात वापरतात, तसंच रॅपामायसिन हे औषध पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर 1964 साली गोळा केलेल्या मातीतल्या जिवाणूतून मिळालं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते रेव्हेरोमायसिन ए नावाचं रसायन, हे पण स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूचंच. आपलं हाड सतत झिजतं आणि नव्याने बनतं, झिजवणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, त्या ॲसिड सोडून हाड विरघळवतात, आणि हे रसायन नेमकं ॲसिड असेल तिथेच पेशीत पटकन शिरतं, म्हणजे जी पेशी हाड खात बसलीय तीच मरते, बाकीच्यांना फारसा धक्का नाही. किती सुंदर आहे हे! अर्थात हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेत, त्यामुळे लगेच गोळी मिळेल असं कोणी समजू नका.

माझ्या आईला संधिवात आहे, वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेऊन तिची हाडं पोकळ झालीत. सूज उतरवणारं औषधच हाड खातं हे रोज बघतोय म्हणून सांगतो, दोन्ही एकत्र सांभाळणारं काहीतरी हवंच आहे. आणि प्लीज हे वाचून चालू औषधं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.