प्रॉडक्शन डिझायनर सोफे निवडत बसत नाही

परवा बहिणीचा फोन आला, आवाज पडलेला. भाची जे. जे.त शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे पुण्याला एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, कलादिग्दर्शनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करायचाय. प्रॉडक्शन डिझायनर व्हायचंय, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या जागा आणि सेट ठरवायचेत. आणि बहिणीला आलेला फॉरवर्ड म्हणतो: प्रॉडक्शन डिझायनर फक्त पडदे-सोफे निवडतो, ऐतिहासिक सिनेमा सोडला तर त्याची गरज नाही, आता एआय चित्रं काढतं, त्यामुळे हा धंदा बसला. मलाही तो आला होता, मी दुर्लक्ष केलं. आता मुलीच्या प्रवेशावरच आलंय, तर गप्प बसवत नाही.

सोफे निवडतो, खरंय. त्याआधी पटकथा प्रसंगाप्रसंगाने फोडतो, रेकी करतो म्हणजे शूटिंगच्या जागा आधी जाऊन बघतो, नकाशे काढतो, खर्च बसवतो. मालिकेत तर एकच दिवाणखाना शेकडो भाग पुरवायचा असतो.

पण संताप येतो तो दुसऱ्या मुद्द्याचा. साध्या घराला डिझायनर लागत नाही म्हणे! सत्यजित राय यांचा १९५६चा ‘अपराजितो’ बघा. अपूच्या वडिलांचं, हरिहरचं, बनारसमधलं घर, मधला चौक, वरून उतरणारा मऊ उजेड. घाट खरे आहेत, पण तो चौक बनारसमध्ये नाहीच! कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो स्टुडिओत उभा केला. उघड्या आभाळाचा उजेड हवा म्हणून कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर दिवे मारले. म्हणजे चौक केवढा, भिंती किती उंच, रंग किती विटलेला, हे सगळं त्या उजेडाशी जुळायला हवं. गरिबाच्या घराची भिंत ओलीने कुठे काळवंडते, हात लागून कुठे गुळगुळीत होते, हे वर्षानुवर्षं बघितलेल्यालाच ते जमतं. माझ्या मते महाल उभारणं त्यामानाने सोपं. महालात कुणी राहिलेलं नसतं, चूक कुणाला कळत नाही. चाळीतली खोली चुकली की प्रेक्षकाला लगेच खटकते.

एआयचं अर्धं खरं आहे, मानावं लागेल. संदर्भाची चित्रं झटपट मिळतात, नुसती स्केचं काढणाऱ्यांचं काम कमी होईल. पण त्या चित्रावरून सुताराला प्लाय कापता येत नाही. कॅमेऱ्याची ट्रॉली फिरायला कुठली भिंत काढता आली पाहिजे, खिडकीबाहेर काय दिसणार, पुढच्या प्रसंगात त्याच फ्लॅटचं, म्हणजे सेटच्या सुट्या भिंतीचं, काय करायचं, हे कुणीतरी मापानिशी ठरवावंच लागतं.

भाचीला सांगितलंय, अर्ज भर. आणि तोवर आजीच्या स्वयंपाकघराचा आराखडा काढ: ओटा, खिडकी, गॅसमागचा तेलकट डाग, सगळं मोजून. रविवारी मी टेप घेऊन येतोय.