कंबर आधी की हात आधी? फोंड्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, 'गोल्फमध्ये डाउनस्विंगची (वर नेलेला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूकडे खाली आणण्याची) सुरुवात कंबरेपासून करा' हे माझं ऐकल्यापासून सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या क्लबने) चेंडू उजवीकडे वळतो, नाहीतर क्लब चेंडूच्या मागेच जमिनीत रुततो. फटका हातांच्या जोरावरच बसतो, आणि वार्क्याच्या नऊ होलांच्या लहान मैदानासाठी हा पुस्तकी सल्ला कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

सल्ल्यावर मी ठाम आहे. तुमच्या वर्णनावरून वाटतं की तुम्ही वजन उजव्या पायावरच ठेवून कंबर गरकन फिरवताय. तसं केलं की उजवा खांदा पुढे फेकला जातो आणि क्लब चेंडूच्या पलीकडून अंगाच्या दिशेने, म्हणजे बाहेरून आत येतो. त्या वाटेच्या मानाने क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहिला की स्लाइस, म्हणजे चेंडू उजवीकडे वळणं, ठरलेलाच. वजन मागे अडकल्यामुळे स्विंगचा सर्वांत खालचा बिंदूही चेंडूच्या मागे पडतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हे एकच. कैरी पाडायला दगड मारताना पुढचा पाय आधी टेकतो, हात मागाहून येतो. इथेही तोच क्रम आहे: आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर, छाती, हात आणि शेवटी क्लब.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनने 1957 सालीच सुरुवात कंबरेची म्हणून लिहून ठेवलं होतं. डाउनस्विंग जेमतेम पाव सेकंदाचा. एवढ्या वेळात हात मध्येच सावरायला सवडच मिळत नाही. हातांत जोर हवाच, पण त्याची पाळी शेवटी. आणि लहान मैदानावर तर आयर्नचंच काम जास्त.

पावसाचंही लक्षात घ्या. उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवरून क्लब उसळतो आणि अशी चूक झाकली जाते. ओल्या मातीत ती लगेच उघडी पडते.

ओहोटीला, माणसं नसतील तेव्हा, किनाऱ्यावरच्या ओल्या घट्ट वाळूत जा. पायांच्या मधोमध येईल अशी, निशाणाच्या दिशेला आडवी रेघ ओढा. चेंडू नको. मग डावा पाय उजव्याला जुळवून उभे राहा; क्लब वर पोचता पोचता डावा पाय निशाणाकडे टाका आणि निम्म्या वेगाने मारा. प्रत्येक वेळी वाळूवरची खूण बघा. ती रेघेवर किंवा तिच्या डावीकडे सुरू व्हायला हवी. उजवीकडे सुरू झाली तर वजन अजून मागेच आहे. खूण सलग डावीकडे यायला लागेपर्यंत वेग वाढवू नका.

त्यानंतरही चेंडू उजवीकडे वळलाच, तर ग्रिप (क्लबवरची हातांची पकड) तपासू. समोरून काढलेला एक व्हिडिओ पाठवा, दोन्ही पाय दिसतील असा.