दालचिनी रोल गरमच हवा, आणि वर आयसिंग नको

गार दालचिनी रोल विकणं ही माझ्या मते फसवणूक आहे. काचेच्या कपाटात सकाळपासून बसलेला, वर पांढऱ्या आयसिंगचा थर, आत थिजलेलं लोणी. तोच रोल ओव्हनमधून नुकता काढलेला समोर येऊ दे, पोटभर जेवलेला माणूसही "मला अर्धाच" म्हणत हात पुढे करतो. मग उरलेल्या अर्ध्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

"साखरेचं व्यसन, दुसरं काय!" असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अहो, साखरेला वास तरी असतो का? लांबून ओढून आणतो तो दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड. हवेत उडणारा पदार्थ आहे, उष्णता वाढली की जास्त उडतो. सोबत भाजलेल्या मैद्याचा आणि लोण्याचा खमंगपणा. म्हणजे पहिला घास घ्यायच्या आधीच निम्मा कार्यक्रम नाकात उरकलेला असतो, आणि गार रोलमध्ये नेमका हाच निम्मा भाग गायब!

त्यात दालचिनी मुळात गोड नाहीच. चिमूटभर पूड नुसती जिभेवर ठेवून बघा. कोरडी, तुरट, जराशी चरचरणारी. मोहरीचा झणका आपल्याला ज्या ग्राहीमुळे, म्हणजे मज्जातंतूंवरच्या संवेदना टिपणाऱ्या रेणूमुळे, जाणवतो (टीआरपीए१ तिचं नाव), तीच ग्राही सिनॅमाल्डिहाइडनेही जागी होते. माझ्या मते सगळी गंमत या चरचरीत आहे. नुसत्या साखरेचा पाव दोन घासांत नकोसा होतो. इथे गोडवा मिट्ट व्हायला लागला की दालचिनी त्याला टोचते, आणि टोचल्यावर पुन्हा गोड हवंसं वाटतं.

लोण्याचं काम मात्र कुणी मोजत नाही. दालचिनीचा सुगंध पाण्यापेक्षा स्निग्धात चांगला विरघळतो, आणि लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. गरम रोलमध्ये ते साखर आणि दालचिनी घेऊन प्रत्येक पदरात झिरपतं. गार झालं की तिथेच गोठतं आणि सुगंधही धरून बसतं. (घरी करणाऱ्यांसाठी: हौसेने कणकेतच भरपूर दालचिनी घालू नका, तिने यीस्ट मंदावतं. तिची जागा सारणात.)

आता आयसिंग. इतक्या नाजूक तोलावर क्रीम चीज आणि पिठीसाखरेचा लगदा ओतायची बुद्धी कुणाला होते कळत नाही. चरचर गेली, वास दबला, उरला गोड गिच्चपणा. स्वीडनचे लोक या बाबतीत शहाणे. कणकेत वेलदोडा, आत दालचिनी, वर साखरेचे जाडसर दाणे, बस्स. १९९९ पासून तिथे ४ ऑक्टोबर हा खास या बनचा दिवस म्हणून साजरा होतो.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये तर यावरून सरकारशी वाजलं होतं. बाजारातली बरीचशी दालचिनी कॅशिया जातीची असते. तिच्यात कुमारिन असतं, जे जास्त प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरू शकतं. युरोपीय नियमांनुसार रोजच्या गोड बेकरी पदार्थांत ते किलोमागे १५ मिलिग्रॅम चालतं, पारंपरिक किंवा सणासुदीच्या पदार्थांत ५०. डॅनिश रोल पहिल्या गटात धरल्याने २०१३ मध्ये बेकरीवाले खवळले. शेवटी तिथल्या सरकारने तो पारंपरिक गटात टाकला. कुमारिनची काळजी खोटी नाही, रोज खाणाऱ्याने सिलोन दालचिनी वापरावी, तिच्यात ते अगदी नगण्य असतं. तिची चव सौम्य असते, आणि खरं सांगायचं तर मला कॅशियाचा दणकाच आवडतो.

गार रोल पदरात पडलाच तर निदान फ्रिजमध्ये तरी ठेवू नका. पाव शिळा होतो तो नुसता सुकून नव्हे, त्यातला स्टार्च पुन्हा स्फटिकासारखा घट्ट होतो म्हणून, आणि फ्रिजच्या थंडीत हे आणखी लवकर होतं. दोन दिवसांनी खायचा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका. खाताना पाण्याचा हलका हात फिरवून, झाकून ओव्हनमध्ये गरम करा, बराचसा मऊपणा परत येतो. आणि आयसिंग असेल तर गरम करण्याआधी सुरीने खरवडून काढा. ज्यांना ते आवडतं त्यांनी कमेंटमध्ये खुशाल भांडावं, मी आज मोकळा आहे.