नवा चेहरा की नवा सांगाडा?

लक्झरी सेडानचं नवं मॉडेल आलं की चर्चा कशाची होते? डॅशबोर्डभर पसरलेल्या स्क्रीनची, ग्रिल किती फुगलंय याची, मागच्या दिव्यांच्या पट्टीची. बॉडी मात्र दोन ओळींत उरकली जाते. "इतके टक्के ॲल्युमिनियम, ताठरता इतक्या टक्क्यांनी वाढली." बस्स. माझं मत विचाराल तर या दोन ओळींवरून बॉडीबद्दल जवळपास काहीच कळत नाही. कुठला पत्रा कुठे वापरलाय आणि तो शेजारच्या पत्र्याला कसा जोडलाय, हे बघितल्याशिवाय बॉडी चांगली की वाईट ते सांगता येत नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासायची. गाडी खरोखर नवी आहे, की जुन्या सांगाड्यावर नवा मुखवटा? बाजूने बघितलेली सेडान आठवा. पुढचा पिलर (छत पेलणारा खांब), छताची कड, दारांच्या चौकटी, दारांखालची आडवी सिल आणि मागचं मडगार्ड हे सगळं मिळून बहुतेक गाड्यांत एकच मोठा पत्रा असतो. त्याला बॉडी साइड म्हणतात. तो दाबून घडवणारे साचे, म्हणजे डाय, प्रचंड महाग असतात. तो बदलला की दारं बदलतात, काचा बदलतात, रबरी सील बदलतात आणि वेल्डिंग करताना भाग धरून ठेवणारी फिक्स्चर्सही बदलतात. म्हणून फेसलिफ्टमध्ये, म्हणजे सांगाडा तोच ठेवून नुसता चेहरा बदलताना, त्याला कोणी हात लावत नाही. बॉनेट, पुढची फेंडर, बंपर, डिकीचं झाकण हे बोल्टवर बसणारे भाग, त्यामुळे बदल तिथेच होतात.

ओळखायची सोपी खूण सांगतो. मागचा दिवा बघा. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असल्यामुळे दिव्याची मडगार्डातली खाच जुनीच राहते आणि नव्या दिव्याला त्या जुन्या भोकात बसावं लागतं. दिव्याची डिकीवरची बाजू ऐटीत पसरलेली आणि मडगार्डावरची बाजू जुन्या आकाराची असेल, तर समजून जा. दुसरी खूण म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या दाराच्या कडेपर्यंतचं अंतर. ते बदललं असेल तर सांगाडा खरोखर नवा आहे. फेसलिफ्टमध्ये हे अंतर कोणी बदलत नाही, बंपर कितीही आक्रमक करोत.

आता ताठरता. मागचे सस्पेन्शनचे बिंदू घट्ट धरून पुढून बॉडीला पीळ द्यायचा आणि एक अंश पिळायला किती जोर लागतो ते मोजायचं. उत्तर न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात येतं. २०१३ च्या एस-क्लासच्या वेळी मर्सिडीजने हा आकडा २७,५०० वरून ४०,५०० वर गेल्याचं सांगितलं होतं. आधीचा आणि नंतरचा दोन्ही आकडे दिले, हे मला आवडलं. नुसतं "तीस टक्के वाढ" म्हणणाऱ्यांना विचारावं, कशाच्या तीस टक्के? काचा चिकटवून मोजलं की न चिकटवता? गोंदाने पक्की बसवलेली पुढची काच स्वतःच बॉडीला बराच ताठपणा देते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचा खोका बोल्टने आवळून मोजलं की आकडा आणखी वर जातो. एकाच बॉडीचे तीन आकडे निघू शकतात आणि तिन्ही खरे असतात.

शिवाय हा आकडा संपूर्ण बॉडीचा. चालवणाऱ्याला जो ठोसपणा जाणवतो तो बराचसा स्थानिक असतो: शॉक ॲब्सॉर्बरचा वरचा टेकू, सबफ्रेमचे (सस्पेन्शन धरणाऱ्या छोट्या चौकटीचे) बोल्ट, स्टीअरिंग कॉलमचा आधार. हे बिंदू लवचिक असले तर बाकीची बॉडी कितीही ताठ असो, खड्ड्यावर धप्प आवाज येणारच. म्हणून चांगल्या सेडानमध्ये शॉकचा टेकू पत्र्याचे सात-आठ तुकडे जोडून करण्याऐवजी ॲल्युमिनियमचा एकसंध ओतीव भाग करतात. त्याच्या भिंतीची जाडी दोन-तीन मिलिमीटर, आत फासळ्या. जिथे जोर येतो तिथेच माल.

सेडानला एक फायदा जन्मजात मिळालेला असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मागच्या सीटच्या पाठीमागची भिंत आणि तिच्यावरचं काचेखालचं फळकुट. ही भिंत बंद असली की बॉडी म्हणजे झाकण लावलेला खोका. हॅचबॅकमध्ये तिथे भोक असतं, म्हणून ती सहज पिळते. आवृत्ती बदलताना "मागची सीट आता दुमडते" अशी जाहिरात झाली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, त्या भिंतीला पाडलेलं भोक कशाने भरून काढलं? २०१७ च्या ऑडी ए८ मध्ये ही भिंत कार्बन फायबरची केली आणि संपूर्ण बॉडीच्या पिळाच्या ताठरतेतला ३३ टक्के वाटा त्या एकट्या भागाचा असल्याचं ऑडी सांगते. एकट्या भिंतीकडून तिसरा हिस्सा! तिथे पैसा घालणं म्हणजे डोकं ठिकाणावर असणं.

याच ए८ ची गोष्ट ॲल्युमिनियमच्या टक्केवारीवाल्यांनी नीट वाचावी. १९९४ ची पहिली ए८ म्हणजे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा झेंडा. २०१७ मध्ये मात्र ऑडीने ॲल्युमिनियमचा वाटा ५८ टक्क्यांवर आणला आणि प्रवासी कक्षाभोवती गरम दाबून केलेलं पोलाद घातलं. बॉडी २३१ किलोवरून २८२ किलो झाली. ५१ किलो वाढले! ताठरता २४ टक्क्यांनी वाढली. अनेकांनी नाकं मुरडली, पण मला तो निर्णय बरोबर वाटतो. पिलरची जागा अरुंद असते. तिथे ॲल्युमिनियमने तेवढीच ताकद मिळवायची तर पिलर जाड करावा लागतो, मग चालवणाऱ्याला वळणावरचा रस्ता दिसत नाही. गरम दाबलेलं बोरॉन पोलाद ९०० अंशांच्या वर तापवून पाण्याने थंड ठेवलेल्या डायमध्ये दाबतात. तिथेच ते झटक्यात थंड होतं आणि त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास जाते. साधा बॉडीचा पत्रा त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका. बीएमडब्ल्यूने २०१५ च्या ७ सिरीजमध्ये पोलादी पिलरच्या आत कार्बन फायबर घालून तोच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. दोन्ही वाटा पटण्यासारख्या आहेत. न पटणारी वाट एकच, टक्केवारी छान दिसावी म्हणून माल निवडणं.

अपघात चाचण्यांनीही सांगाडे बदलायला लावले. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये नवी चाचणी आणली. ताशी ६४ किमी वेगाने गाडीच्या रुंदीचा फक्त २५ टक्के भाग अडथळ्यावर आदळायचा. पहिल्या फेरीत ११ मध्यम आकाराच्या लक्झरी गाड्यांपैकी दोनच "गुड" ठरल्या, ॲक्युरा टीएल आणि व्हॉल्वो एस६०. कारण सरळ होतं. धक्का झेलणारे पुढचे दोन मुख्य दांडे आतल्या बाजूला असतात आणि हा धक्का त्यांच्या बाहेरून जातो. मग चाक मागे सरकतं आणि दाराच्या बिजागरीच्या पिलरवर आदळतं. त्यानंतर आलेल्या सेडानमध्ये बिजागरीचा पिलर आणि सिलचं पुढचं टोक एवढं दणकट का झालं, त्याचं उत्तर हे.

आता सांध्यांकडे. पोलाद आणि ॲल्युमिनियम नेहमीच्या स्पॉट वेल्डने (पत्रे ठिपक्याठिपक्याने वितळवून) जोडता येत नाहीत, मधे ठिसूळ थर तयार होतो. म्हणून स्वतः छेद करत घुसणारे रिव्हेट आणि त्यांच्या जोडीला स्ट्रक्चरल गोंद वापरतात. गोंदाची दोन कामं: जोर पसरवणं आणि दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवणं. ते पाण्यासकट एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम कुजायला लागतं. पांढरी पूड दिसते आणि रंगाला फोड येतात.

पण खरी मेख पेंटशॉपच्या भट्टीत आहे. गोंद घट्ट होतो तो तिथेच, साधारण १८० अंशांना. समजा, पोलादी बॉडीवर दीड मीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं छत आहे. वीस अंशांवरून १८० पर्यंत जाताना ॲल्युमिनियम साडेपाच मिलिमीटर वाढतं, पोलाद तीनच्या आत. म्हणजे अडीच मिलिमीटरचा फरक. फुगलेल्या अवस्थेत गोंद घट्ट झाला आणि मग गाडी थंड झाली, तर छत ओढलं जातं आणि कडेला रिव्हेटांच्या मधे बारीक लाटा उठतात. पांढऱ्या गाडीवर दिसत नाहीत, काळ्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे रिव्हेटांमधलं अंतर नीट ठरवणं, गोंदाचा थर जाड आणि थोडा लवचिक ठेवणं, छताला पुरेसा बाक देणं. सपाट छत डिझायनरला आवडतं, भट्टीला नाही.

डिझायनर आणि प्रेसशॉप यांचं दुसरं भांडण दारावरच्या धारदार रेषेवरून. ॲल्युमिनियमचा लवचिकता गुणांक ७० गिगापास्कल, पोलादाचा २१० (आकडा जितका मोठा, तितका माल ताठ). म्हणजे तेवढ्याच ताकदीचा ॲल्युमिनियमचा पत्रा डायमधून सुटल्यावर सुमारे तिप्पट परत फिरतो. म्हणून डाय मुद्दाम "चुकीची" घडवावी लागते, पत्रा परत फिरून बरोबर आकारात यावा असा हिशोब करून. रेष फार टोकदार केली तर पत्रा तिथे ताणून पातळ होतो, किंवा दाबताना बाजूला सरकतो आणि रेषेशेजारी तिची सावलीसारखी दुसरी पुसट रेघ उमटते. हे दोष उन्हात बघू नका. लांब ट्यूबलाइटच्या खाली उभं राहून प्रतिबिंब दारावरून हळूहळू सरकू द्या. ते एका दारावरून दुसऱ्यावर न तुटता, न उडी मारता गेलं पाहिजे.

छत आणि बॉडी साइडचा सांधाही बघण्यासारखा. पूर्वी तिथे नाली आणि वर रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी असायची. आता अनेक पोलादी बॉडींत लेझर ब्रेझिंगने तांब्याच्या मिश्रधातूची तार वितळवून तो सांधा भरतात आणि वर रंग, पट्टीच नाही. दिसायला सुरेख. पण छत बदलायची वेळ आली की तसा सांधा गॅरेजात पुन्हा करता येत नाही. त्या जुन्या पट्टीला कोणी कमी लेखू नये.

फटींबद्दल थोडक्यात. तीन-साडेतीन मिलिमीटरची फट चांगली, पण ती वरपासून खालपर्यंत सारखी असणं जास्त महत्त्वाचं. मागचं दार पुढच्या दारापेक्षा अर्धा मिलिमीटर आत असलं तर तो दोष समजू नका, ते मुद्दाम केलेलं असतं. बाहेर राहिलं तर वारा त्याच्या कडेवर आदळून शीळ घालतो. काचेचंही तसंच. १९८२ च्या ऑडी १०० ने काचा पत्र्याच्या पातळीत आणल्या आणि वायुरोधाचा गुणांक (कमी तितका चांगला) ०.३० वर आला. २०२० ची एस-क्लास ०.२२ वर आहे. पत्र्यात लपणारे हँडल त्यात भर घालतात, पण नगण्य. माझ्या मते ती मिरवण्याची वस्तू आहे, अपघातानंतर बाहेरून ओढता येणारं साधं हँडल बरं.

एक काम मात्र प्रत्येकाने करावं. दार पूर्ण उघडा आणि खाली वाकून त्याची खालची कड बघा. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला दिसेल. त्या दुमडीत गोंद आणि वर सीलंटची सलग रेघ हवी. रेघ तुटली असेल तर पाणी तिथून शिरतं आणि काही वर्षांनी दाराची खालची कड आतून फुगून येते. तिथेच पाणी निचरायची दोन-तीन भोकं असतात. काचेच्या रबरामधून दारात पाणी जातंच, ते बाहेर पडायची वाट ती. धूळ, मेण किंवा नंतर हौसेने मारलेल्या अंडरकोटिंगने ती बुजली की दारात पाणी साठतं. वळताना "चुळुक" आवाज येतो, तोवर उशीर झालेला असतो. प्लास्टिकच्या काडीने साफ करा, स्क्रू-ड्रायव्हरने रंग खरवडू नका.

आणि दुरुस्ती. नव्या बॉडीचं कौतुक ऐकताना हा विषय शिताफीने टाळला जातो. गरम दाबलेला पिलर तापवून सरळ करायचा नसतो. तापवला की त्याची ताकद गेली, दिसायला मात्र अगदी नवा. तो बदलायचाच, तेही कंपनीने नेमून दिलेल्या जागीच कापून. ॲल्युमिनियमला तापल्यावर रंग बदलून इशारा द्यायची सवय नाही, लाल न होता थेट वितळतं. त्यासाठी वेगळी जागा, वेगळे ब्रश, वेगळे सँडर लागतात, कारण पोलादाचा कण त्यात रुतला की गंज तिथूनच सुरू होतो. उडणारी ॲल्युमिनियमची पूड पेट घेते, म्हणून ती ओढून घेणारी यंत्रणाही वेगळीच. जुनं रिव्हेट काढल्यावर त्या भोकात त्याच मापाचं रिव्हेट पुन्हा बसत नाही. ओतीव टेकूला तडा गेला की सहसा अख्खा भागच बदलायचा, वेल्ड मारून भागवायचं नाही.

म्हणून शोरूममध्ये स्क्रीन किती इंचाची हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: पुढचा शॉकचा टेकू वेगळा मिळतो का, मागचं मडगार्ड बदलताना कुठे कापतात, आणि त्यांच्या बॉडीशॉपमध्ये ॲल्युमिनियमसाठी वेगळी खोली आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, खोली दाखवायला सांगा.