आधी पाहणी, मग लागवड

अमेरिकेतल्या सरकारी जंगलांप्रमाणे आपल्याकडेही वन्यजीवांचा अधिवास सुधारण्याच्या कामांना (झाडं लावणं, तण काढणं वगैरे) पर्यावरणावरच्या परिणामांच्या सविस्तर तपासणीतून सूट द्यावी, हे लेखातलं मत अजिबात पटलं नाही. तिथे निदान कुठल्या कामाला सूट, हे नियमात लिहिलेलं असतं. आपल्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत वृक्षलागवड मुळात येतच नाही, म्हणजे तिची तपासणीच होत नाही, मग सूट कसली? येवल्याजवळ ममदापूरला काळवीट टिकलंय ते उघड्या गवताळ माळामुळे. तिथे दाट झाडं लावणं म्हणजे त्याला हुसकावणंच. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावरचं कंदीलपुष्प, हे कंदातून उगवणारं रोप, तर पावसाळ्यातच वर येतं. उन्हाळ्यात जागा ओसाड वाटते, आणि लागवडीसाठी जेसीबीने चर खोदले की मातीतले कंदच जातात. घाणेरीसारखं माजलेलं परकं झुडूप जरूर काढा, पण आधी पावसाळ्यात पाहणी करा, तीही गावातल्या गुराख्यांना सोबत घेऊन.