गोल मॉडेल काढणं म्हणजे वेळ घालवणं? अजिबात नाही

‘गोल मॉडेल विसरा, थेट युजर स्टोरी लिहा’ ही पोस्ट गेले काही दिवस सगळीकडे फिरते आहे. गोल मॉडेल म्हणजे सॉफ्टवेअर कुणाला, कशासाठी हवं ती उद्दिष्टं (इंग्रजीत ‘गोल’) आणि त्यांचे एकमेकांशी संबंध दाखवणारं चित्र. युजर स्टोरी म्हणजे ‘अमुक म्हणून मला तमुक हवं’ अशी वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली छोटी मागणी. मी सोडून दिली होती. काल टीममधल्या नव्या मुलीनं तीच मला पाठवली आणि विचारलं, “सर, मग व्हाइटबोर्डवरचं पुसून टाकू का?” आता बोलणं भाग आहे.

पोस्टमधला सगळ्यात घातक दावा असा: क्लायंटला काय हवं ते त्याला पक्कं ठाऊक असतं, आपण फक्त लिहून घ्यायचं. कुठला क्लायंट? पैसे देणारा, रोज वापरणारा आणि ज्याची माहिती त्यात भरली जाते तो, हे तिघं क्वचितच एक असतात. आमच्याकडे रजेच्या अर्जांच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. ‘मॅनेजर म्हणून मला टीमच्या सगळ्या रजा कारणांसकट एका पानावर दिसाव्यात’ ही स्टोरी सगळ्यांनी मान्य केली होती. मग बोर्डवर दोन वर्तुळं काढली, मॅनेजर आणि कर्मचारी. मॅनेजरच्या बाजूला ‘निर्णय लवकर व्हावा’, कर्मचाऱ्याच्या बाजूला ‘आजारपण चारचौघांत जाऊ नये’, दोन्ही ढगाच्या आकारात, कारण ही उद्दिष्टं पुरी झाली की नाही हे हो-नाहीत सांगता येत नाही. त्या पानापासून पहिल्या ढगाकडे अधिकचा बाण गेला, दुसऱ्याकडे उणेचा. खोली गप्प झाली. चाळीस स्टोऱ्यांच्या यादीत हा उणे कुणाला दिसला नव्हता, कारण यादीत एक ओळ दुसरीच्या आड येताना दिसतच नाही.

ही वर्तुळं आणि ढग आले आय-स्टार (i*) या गोल मॉडेल काढण्याच्या पद्धतीतून. ती मांडणाऱ्या एरिक यू यांचा १९९७ चा निबंध पोस्ट लिहिणाऱ्यानं एकदा वाचावा. प्रणालीनं काय करायचं हे नेमकं लिहिणं हा नंतरचा टप्पा. त्याआधी ती मुळात का हवी, दुसरे पर्याय कोणते, कुणाचं हित कुठे अडकलंय हे विचारायचं, असं त्यात स्पष्ट आहे. उदाहरणही साधं घेतलंय: मीटिंगची वेळ ठरवणं.

‘हे ॲजाइलच्या विरुद्ध आहे,’ असाही आक्षेप असतो. ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत बनवण्याची पद्धत. पण विरुद्ध? नाही. ॲजाइलचा २००१ चा जाहीरनामा कागदपत्रांपेक्षा चालत्या सॉफ्टवेअरला जास्त मोल देतो. कागदपत्रं निरुपयोगी आहेत असं म्हणत नाही.

‘क्लायंटला ही चिन्हं कळत नाहीत,’ हा दुसरा आक्षेप. यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागतं. आय-स्टारची चिन्हं एकमेकांसारखी दिसतात, अर्थ आकारावरून उमगत नाही, अशी सविस्तर टीका संशोधक डॅनियल मूडी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केली. पण त्यांनी सुचवलं ते चिन्हं सुधारा, चित्र सोडा असं नव्हे. आमच्या त्या बैठकीत तर क्लायंटकडच्या बाईंनीच मार्कर मागून घेतला आणि तिसरं वर्तुळ काढलं: रजेवर गेलेल्याचं काम ज्याच्या गळ्यात पडतं तो सहकारी. त्याच्याबद्दल आमच्याकडे एकही स्टोरी नव्हती.

बोर्ड पुसायचा नाही, असं त्या मुलीला कळवलंय.