दार बंद, वाढदिवस लाइव्ह

काल एका सागरी संग्रहालयाचा वर्धापनदिन मोबाइलवर बघितला. संग्रहालय सध्या तात्पुरतं बंद, त्यामुळे सगळं ऑनलाइन. पहिला अर्धा तास नुसते मान्यवर, शुभेच्छांचे व्हिडिओ आणि ‘माझा आवाज येतोय ना?’. मी बंद करणारच होते, तेवढ्यात कुणीतरी कॅमेरा उचलून मागच्या रिकाम्या दालनात गेलं, तिथे एक बाई जुन्या जहाजाच्या फळीपाशी उकिडव्या बसून टॉर्च मारून कसलीतरी पांढरी पूड बघत होत्या. जेमतेम दोन मिनिटं. की परत भाषण! अहो, तेच दाखवा ना!

आपल्याला वाटतं बंद म्हणजे कुलूप घातलं, संपलं. जुन्या जहाजाचं तसं नसतं हो. स्वीडनमधल्या स्टॉकहोमचं ‘वासा’ हे जहाज घ्या. 1628 मध्ये पहिल्याच सफरीला निघालं आणि साधारण 1300 मीटर जाऊन बुडालं (एवढा थाटमाट करून!), 333 वर्षं तळाशी, 1961 ला वर काढलं. बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे टिकत नाही म्हणून ते एवढं धड मिळालं. पण खरी कसरत नंतरची. पाणी प्यालेलं लाकूड तसंच वाळू दिलं तर आक्रसतं, तडकतं, म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं मेणासारखं रसायन फवारत बसले, 17 वर्षं. आणि एवढं करून 2000 च्या पावसाळी उन्हाळ्यात लाकडावर पिवळे-पांढरे थर दिसायला लागले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलेलं, त्यात गंजलेल्या बोल्टांचं लोखंड, वर हवा आणि ओल, झालं गंधकाम्ल तयार. ओल कुठून आली? बऱ्याच अंशी भिजल्या कपड्यांनी आलेल्या गर्दीतून. म्हणजे आपणच! पुढे हवा नियंत्रित करायची यंत्रणा बदलली, पाच हजारांवर बोल्ट बदलले. त्यामुळे मला तर वाटतं, दारं बंद असताना जहाज जरा सुखात असेल.

आता कुणीतरी म्हणणार की स्क्रीनवर काय मजा. काही बाबतीत खरंय, 69 मीटर लांबीचं जहाज पाच इंचांच्या फोनवर होडीसारखंच दिसतं, आणि ती ‘व्हर्च्युअल टूर’ म्हणजे बाण दाबत दाबत भिंतीला जाऊन धडकणं. पण 11 ऑक्टोबर 1982 ला ‘मेरी रोज’ हे इंग्लंडचं जहाज पाण्याबाहेर काढलं ना, 1545 मध्ये बुडालेलं, ते जगभर लोकांनी टीव्हीवरच लाइव्ह बघितलं. मध्येच उचलायच्या सांगाड्याचा एक कोपरा धाडकन घसरला. सगळ्यांच्या पोटात गोळा! तेव्हा कुणी म्हणालं नाही, प्रत्यक्ष नाही तर काय उपयोग. कारण समोर काहीतरी घडत होतं.

बंद काळातच तर आतलं काम दाखवता येतं, एरवी ते पडद्यामागे असतं. फळी पुसणारी माणसं, ओलाव्याचे रोजचे आकडे, गोदामातल्या खोक्यांत पडलेल्या वस्तू, ज्यांना दालनात कधी जागाच मिळत नाही. एका माणसाने एक खोकं उघडून तासभर बोलावं, मी बसेन. भाषणं मेल करा.

खाली कमेंटमध्ये विचारलं, त्या बाई बघत होत्या ती पांढरी पूड कसली? आज सकाळी उत्तर आलं. ‘तुमच्या शुभेच्छांबद्दल आभार’ आणि पुढे नांगराचा इमोजी.